कोपरा फाडलेलं कार्ड

मार्चच्या पहिल्या शनिवारी आठल्येबाईंनी फळ्यावर शेवटचा विषय लिहिला : ‘या वर्षात मी लिहायला काय शिकलो?’ खडू ठेवून त्यांनी हात झटकले आणि म्हणाल्या, “पंधरा दिवस आहेत. मला स्तुती नको. माझी नको, वर्गाची नको. तुम्ही जूनमध्ये कसे लिहीत होतात आणि आता कसे लिहिता, एवढंच. खरं लिहा.”

भागोजी गोताड मागच्या बाकावर बसला होता. त्याने विषय वहीत उतरवून घेतला आणि त्याखाली रेघ मारली. वर्गात सतरा जण होते. कुणी बँकेतले, कुणी शाळामास्तर, दोन-तीन घरच्या बायका. रत्नागिरीच्या कॉलेजच्या मराठी विभागाने त्या वर्षी पहिल्यांदाच हा लेखनाचा वर्ग काढला होता. दर शनिवारी दुपारी दोन ते पाच, शिक्षणाची अट नाही. ती अट असती तर भागोजीला आत घेतलंच नसतं. तो सातवी पास होता आणि वयाने बावन्न.

“आणि एक,” बाई म्हणाल्या, “भागोजींचा ‘अकरा दिवस’ हा लेख कॉलेजच्या वार्षिक अंकात पहिला जाणार आहे. प्राचार्यांनी वाचला. ते म्हणाले, असं साधं लिहिणं आमच्या पोरांना कधी जमणार?”

लोकांनी वळून पाहिलं. शेजारी गनी होडेकर बसला होता. मिरकरवाडा बंदरावरचा गनी पंधरा वर्षं परदेशी बोटींवर काढून, पाय मोडल्यावर घरी आलेला. त्याने भागोजीच्या मांडीवर थाप मारली. “काय पोस्टमास्तर! आता छापून येणार. आम्ही सात समुद्र पालथे घातले नि आमचं कोण विचारत नाही. तुम्ही ओटीवर बसल्या बसल्या पहिलं पान मारलंत!”

भागोजी हसला. हसणं तोंडापुरतं होतं. अंकात लेख आला की एक प्रत मुंबईला सगुणेला पाठवायची, हे त्याने महिन्यापूर्वी ठरवलं होतं. सगुणा त्याची एकुलती एक मुलगी. तिने दहा महिन्यांपूर्वी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर त्या लेखात होतं. उत्तर चांगलं होतं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल असं. फक्त ते खरं नव्हतं.

•

भागोजीच्या गावाचं नाव आंबेकोंड. रत्नागिरीहून एसटीने सव्वा तास. गावचं पोस्ट त्याच्या घराच्या ओटीवर होतं : एक टेबल, लाकडी खणांची पेटी, तारखेचा शिक्का आणि शाईची गादी. सकाळच्या गाडीने डाकेची पिशवी यायची, संध्याकाळच्या गाडीने जायची. गावातले निम्मे बाप्ये मुंबईला. त्यांच्या बायका हातातलं काम टाकून ओटीवर येत, पायरीवर बसत आणि सांगत. भागोजी लिहीत असे. सव्वीस वर्षं त्याने गावाची पत्रं लिहिली.

त्याचं लिहिणं ठरलेलं होतं. वर ‘श्री’. मग ‘इकडील सर्व खुशाल’. मग पत्रास कारण. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. मधल्या दोन-चार ओळींत बाईचं म्हणणं. तेही जसंच्या तसं नाही. काशी धनावडे पायरीवर बसून म्हणायची, “लिवा त्याला, मेल्या, दोन वर्सं तोंड नाय दाखवलंस, पोर तुला ओळखायची नाय. तिकडं कुनी ठेवलीयस काय?” भागोजी लिहायचा : ‘मुलास आपली फार आठवण येते. सवड मिळताच यावे.’ काशी विचारायची, “लिवलंत मी म्हटलं तसं?” भागोजी म्हणायचा, “लिहिलं.” तो याला खोटेपणा मानत नव्हता. भांडण पाठवण्यापेक्षा चार शब्द मऊ पाठवलेले बरे, असं तो मानत होता. गावही त्याला त्याकरताच भला माणूस म्हणे.

एक पत्र मात्र मऊ करता येत नसे. घरात कुणी गेलं, किंवा जायच्या पंथाला लागलं, तर कार्डावर ‘श्री’ काढायचा नाही आणि एक कोपरा फाडायचा. कोपरा फाडलेलं कार्ड हातात पडलं की अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही कळे, मजकूर वाचायच्या आधी. असं कार्ड वाचून झालं की फाडून टाकायचं. घरात ठेवायचं नाही.

भागोजीच्या घरात असं एक कार्ड दीड वर्ष होतं. टेबलाच्या खणात, शाईच्या गादीखाली.

•

चिमाच्या पोटात गाठ निघाली ती चौऱ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात. रत्नागिरीच्या मोठ्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, फोटो काढला आणि भागोजीला बाहेर बोलावून सांगितलं, “घरी न्या. खायला मागतील ते द्या.” चिमाने घरी आल्यावर एवढंच विचारलं, “किती दिवस म्हनला?” भागोजी म्हणाला, “बरं वाटेल म्हणाला.” चिमा त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुमी पन ना.”

भात कापणी झाली आणि तिने अंथरूण धरलं. ओटीच्या आतल्या खोलीत, खिडकीशी. तिथून रस्ता दिसत नव्हता पण गाडी ऐकू येई. गावाच्या अलीकडे चढ आहे. तिथे डायव्हर गिअर बदलतो, गाडी कण्हते, वर येते. फाट्यावर कुणी उतरणार असेल तर थांबते, नसेल तर तशीच पुढे जाते.

एका सकाळी चिमा म्हणाली, “सगुनेला लिवा.”

सगुणा तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. भांडुपला सासरी. त्याआधी दोनदा तिचं पोट वाया गेलं होतं. या खेपेला तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला अंथरुणावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. हे चिमालाही माहीत होतं.

भागोजी कार्ड घेऊन खाटेशी बसला. “काय लिहू?”

“मी सांगतंय तसंच लिवा. सगुने, माजं आता खरं नाय. पोटात गाठ हाय. मला तुला बगायचंय. डाक्तरीन नको म्हनली तर तुजं तू बग. नाय आलीस तरी मी रागावनार नाय. पन तुला कळलं नाय, असं नको.”

त्याने तसंच लिहिलं. तिने वाचून दाखवायला लावलं. त्याने वाचलं. मग ती म्हणाली, “कोपरा फाडा.”

“चिमा, तू आहेस अजून.”

“फाडा. तिची सासू अडानी हाय. कोपरा बगितल्याशिवाय ती कार्ड पोरीच्या हातात द्यायची नाय. फाडा माज्यासमोर.”

त्याने फाडला. तो तिकोनी तुकडा चिमाने उशीखाली ठेवला.

कार्ड घेऊन भागोजी ओटीवर आला. शिक्का हातात घेतला. आणि त्याच्या डोळ्यांपुढे सगुणा आली, रात्रभर एसटीत बसलेली, पोट धरून. घाटातली वळणं. दहा तास. दोन गेली होती, हे तिसरं. चिमा तर जाणारच होती, सगुणा आली तरी आणि नाही आली तरी. त्याने शिक्का खाली ठेवला. दुसरं कार्ड काढलं. वर ‘श्री’ काढला आणि लिहिलं : ‘इकडील सर्व खुशाल. तुझ्या आईस थोडे बरे नाही, काळजी नसावी. बाळंतपण तिकडेच सुखरूप पार पाडावे, मग निवांत यावे.’ त्यावर शिक्का मारला आणि ते पिशवीत टाकलं. पहिलं कार्ड शाईच्या गादीखाली गेलं.

चौथ्या दिवसापासून चिमा गाडी ऐकू लागली. सकाळची गाडी चढाला लागली की ती डोळे उघडायची. “थांबली?”

“नाही. पुढे गेली.”

संध्याकाळी पुन्हा. “थांबली?”

“नाही.”

अकराव्या दिवशी सकाळची गाडी पुढे गेली तेव्हा तिने विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “कार्ड पोचलं ना?”

भागोजी पोस्टमास्तर होता. कुठलं कार्ड कधी पोचतं हे त्याच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, “पोचलं.”

“मग बरं,” चिमा म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे केलं. दुपारी ती गेली.

मुंबईला तार केली. जावई एकटाच आला. पुढे पौषात सगुणेला मुलगी झाली, सुखरूप.

•

सगुणा मे महिन्यात आली. मांडीवर चार महिन्यांची पोर. चिमाची खाट होती तिथे ती जमिनीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. जायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, “बाबा, आईने मला का नाही बोलावलं?”

“तुझी अशी अवस्था...”

“माझी अवस्था मला ठाऊक आहे. आईने एकदा तरी नाव काढलं का माझं?”

“काढलं की.”

“काय म्हणाली?”

भागोजी उठला आणि पोस्टाच्या टेबलाशी जाऊन उगाच खण उघडून बंद करू लागला. सगुणा दुसऱ्या दिवशी गेली. आठ दिवसांनी तिचं पत्र आलं. ती चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं, वाकडं. ‘तोंडाने सांगायला जमत नसेल तर लिहून पाठवा. तुम्ही सगळ्या गावाचं लिहिता. शेवटच्या दिवसांत आई काय बोलली, काय मागितलं, ते सगळं लिहा. मी आईला नको झाले होते का, एवढं मला कळू दे. मला झोप लागत नाही.’

तो लिहायला बसला. ‘श्री’ काढला. ‘इकडील सर्व खुशाल’ लिहिलं. पुढे हात हलेना. सात-आठ कागद फुकट गेले. मग जूनमध्ये रत्नागिरीच्या मोठ्या पोस्टात कामाला गेला असताना भिंतीवर कॉलेजचं पत्रक दिसलं : ‘लेखनवर्ग. कुणालाही प्रवेश.’ त्याला वाटलं, आपल्याला लिहिता येत नाही, हीच अडचण असेल.

•

पहिला विषय होता ‘माझे घर’. भागोजीने वर ‘श्री’ काढून, सर्व खुशाल कळवून, खाली ‘कळावे, लोभ असावा’ लिहिलं होतं. बाईंनी वर्गात वाचून दाखवलं तेव्हा खसखस पिकली. गनी म्हणाला, “अहो, बाईंना पत्र धाडलंत काय? उत्तर यायचं, लोभ आहे म्हणून!”

बाई हसल्या नाहीत. विमला आठल्ये बारीक चणीच्या, पन्नाशीच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या बाई. त्यांनी लाल पेन्सिलीने ‘खुशाल’ या शब्दाला गोल केला आणि विचारलं, “भागोजी, हे तुम्ही पाहिलंत, की लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंत?”

“पद्धत आहे.”

“मग पद्धत काढून टाका. राहील ते आणा.”

पद्धत काढल्यावर पानावर दोनच ओळी राहिल्या. ‘घराला सहा खांब आहेत. आता घरात एकच माणूस आहे.’ बाईंनी त्याखाली बरोबरची खूण केली. भागोजीने त्या रात्री, लहान मुलासारखं, ती खूण दोनदा उघडून पाहिली.

मग तो शिकत गेला. पुढच्या पाच-सहा महिन्यांत त्याने चिऱ्याच्या खाणीवर लिहिलं, तिथल्या कामगारांच्या भुवयांवर बसलेल्या लाल धुळीवर लिहिलं. डाकेच्या पिशवीला येणाऱ्या लाखेच्या वासावर लिहिलं. दर वेळी लाल गोल कमी होत गेले. ‘माणसं बोलतात तशी बोलू द्या,’ असं बाई सारख्या म्हणत. ते त्याला फार पटलं. एवढं पटलं की दिवाळीच्या सुमारास काशी धनावडे पायरीवर येऊन बसली, तेव्हा त्याने तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. मेल्या म्हणाली तिथे ‘मेल्या’. तिकडं कुनी ठेवलीयस काय, तेही. आणि शेवटी काशी म्हणाली होती, “आता मी वाट बगायची सोडनार हाय,” तेही.

वाचून दाखवल्यावर काशीने पदर तोंडाला लावला. “अरे देवा. असं लिवलंत?”

“तू म्हणालीस.”

“मी काय, म्हंतंयच. तुमी कशाला लिवायचं?” पण तिने ते परत घेतलं नाही.

चौदाव्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने काशीचा नवरा उतरला. पत्र्याची पेटी डोक्यावर. साडेचार वर्षांनी. ओटीपाशी थांबून भागोजीला म्हणाला, “मास्तर, इतकी वर्सं सगळं खुशाल होतं, मला काय म्हायती?”

गावाने ही गोष्ट हसत हसत सांगितली. भागोजी त्या संध्याकाळी जेवला नाही. बाईचे शब्द जसेच्या तसे गेले की माणूस येतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

जानेवारीत बाईंनी सांगितलं, आता असं काही लिहा जे लिहायला तुम्ही घाबरता. भागोजी तीन शनिवार गेला नाही. चौथ्या शनिवारी ‘अकरा दिवस’ घेऊन गेला. त्यात सगळं होतं. डॉक्टर होता, खाट होती, चढावरची गाडी होती, “थांबली?” होतं. चिमाच्या पायांना आलेली सूज होती, तिने मागितलेली कुळथाची पिठी आणि एका घासानंतर सरकवलेली ताटली होती. कार्ड तेवढं नव्हतं. गाडीची वाट ती उगाच बघत होती, आईचं मन म्हणून, असं त्यात होतं. आणि शेवटी चिमा म्हणत होती, “सगुनेला कळवू नका. तिचं सुकरूप होऊ दे.” मग तोंड भिंतीकडे करत होती.

हे वाक्य लिहिताना त्याचा हात जरासुद्धा अडला नव्हता. बाईंनी शिकवलेलं सगळं त्यात होतं. बोलण्याप्रमाणे बोलणं, पद्धत काढून टाकलेली, एक शब्द जास्त नाही. लेख वर्गात वाचून झाला. वर्गातल्या बायका रडत होत्या. गनीने चष्मा पुसला आणि म्हणाला, “अल्ला, काय बाई होती हो तुमची.” त्या दिवशी परतीच्या गाडीत भागोजीला आनंद झाला होता. खरा आनंद. घरी पोचल्यावर मात्र तो टेबलाच्या खणाकडे न बघता आत गेला.

•

आणि आता मार्च होता, आणि विषय होता ‘मी लिहायला काय शिकलो’.

पहिल्या आठवड्यात त्याने चार पानं लिहिली. पूर्वी मी पद्धतीचं लिहायचो, आता पाहिलेलं लिहितो, अशी. पानं बरी होती. बुधवारी सकाळच्या पिशवीतून त्याच्याच नावाचं पाकीट निघालं. छापखान्यातून ‘अकरा दिवस’ची छापलेली पानं बाईंनी तपासायला पाठवली होती. स्वतःचं नाव त्याने पहिल्यांदा छापलेलं पाहिलं. शेवटचं वाक्य वाचलं. छापलेलं असल्यामुळे ते आणखीच खरं वाटत होतं. दहा वर्षांनी त्यालाही खरं वाटलं असतं. सगुणेला तर आजच वाटलं असतं. आई मला नको म्हणाली नाही, माझ्यासाठीच गप्प राहिली, असं वाटून तिला झोप लागली असती. आणि चिमा, जी सांगून गेली होती की ‘तुला कळलं नाय, असं नको’, ती कायमची पुसली गेली असती. तिच्या जागी एक दुसरीच बाई उभी राहिली असती, भागोजीने लिहिलेली.

त्याने खण उघडला. गादी उचलली. कार्ड शाईने एका बाजूला निळं पडलं होतं. मजकूर वाचता येत होता. चिमाच्या उशीखाली सापडलेला कोपरा त्याने तिच्याबरोबर जाळला होता, तो तेवढा नव्हता.

त्याने आधीची चार पानं फाडली आणि नव्याने लिहिलं. एकाच पानात.

‘या वर्षात मी चांगलं लिहायला शिकलो. पूर्वी मी खोटं लिहायचो ते पद्धतीचं होतं. कुणी नीट वाचलं असतं तर ओळखलं असतं. आता मी लिहितो ते खोटं कुणाला ओळखता येत नाही. बाईंनाही आलं नाही. माझी बायको “कळवू नका” म्हणाली नव्हती. तिने बोलावलं होतं. कोपरा फाडायला लावला होता. मी कार्ड बदललं. तिने विचारलं, पोचलं का. मी हो म्हणालो. मुलगी येऊ शकत असून आली नाही, असं समजून ती गेली. एवढं एक मला खरं लिहायचं होतं, त्याला हे वर्ष लागलं. लेख अंकात घालू नये.’

शनिवारी वर्ग सुटल्यावर त्याने तो कागद बाईंच्या हातात दिला आणि उभा राहिला. गनी दारात घोटाळत होता. “चला मास्तर, चहा घेऊ. पहिल्या पानाचा चहा बाकी आहे.”

“तू पुढे हो,” भागोजी म्हणाला. त्याच्या तोंडाकडे पाहून गनी काठी टेकत गेला.

बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. खुर्चीवर बसल्या. पेन्सिल बाजूला ठेवली.

“मी तुम्हाला चांगलं म्हटलं,” त्या म्हणाल्या. “मी प्राचार्यांना दाखवलं.”

“तुमचा काही दोष नाही, बाई.”

“दोषाचं नाही बोलत. भागोजी, अंकातून मी काढते. पण हा कागद मला कशाला दिलात?”

“विषय होता.”

“हे माझ्या पत्त्यावरचं नाही.” त्यांनी कागद परत केला. “तुम्ही पोस्टातले. दुसऱ्याची डाक तुम्ही ठेवून घेत नाही ना?”

भागोजी म्हणाला, “दीड वर्षं ठेवली.”

बाईंनी उठून खिडकी लावून घेतली. मग हळूच म्हणाल्या, “ती परत तुमचं तोंड पाहणार नाही, असंही होईल.”

“होय.”

“नातीचंही.”

“होय, बाई.”

•

सोमवारी संध्याकाळच्या गाडीच्या आधी भागोजी टेबलाशी बसला. सगुणेला सहा पानी पत्र लिहून झालं होतं. वर ‘श्री’ नव्हता, खुशाली नव्हती. मी का तसं केलं ते दोन ओळींत होतं. त्याने ते अधिक लिहिलं नाही, कारण लिहू लागलं की ते पटण्यासारखं होत होतं. बाकी सगळी चिमा होती.

त्याने पत्र पाकिटात घातलं आणि कार्डही आत सरकवलं. सासू उघडं कार्ड बघेल, कोपरा बघून घरात रडारड होईल, त्यापेक्षा पाकिटातून बरं. पाकिटाला डिंक लावायला बोट पुढे केलं आणि तो थांबला. पुन्हा तेच. पुन्हा तो मऊ करत होता. चिमाने कार्ड उघडं पाठवायला सांगितलं होतं. कोपरा सगळ्यांना दिसावा म्हणूनच फाडायला लावला होता.

त्याने कार्ड बाहेर काढलं. पत्त्याची बाजू वर केली. तारखेचा शिक्का फिरवून सतरा मार्च एकोणीसशे शहाऐंशी केला आणि मारला. मग पाकिटावर मारला. दोन्ही पिशवीत टाकली, तोंड बांधलं, लाख लावली.

संध्याकाळच्या गाडीने पिशवी गेली. भागोजीला दिवस माहीत होते. तिसऱ्या दिवशी भांडुप. नवव्या दिवसापर्यंत काही आलं नाही. काशी दोनदा येऊन विचारून गेली, “मास्तर, बरं नाय काय? जेवन धाडू?” तो नको म्हणाला. एकदा तिने चिमाच्या खोलीत डोकावून पाहिलं. खोली सारवलेली होती. “कोन येनार हाय?”

“ठाऊक नाही,” तो म्हणाला.

दहाव्या दिवशी पिशवी उघडली तेव्हा वरच कार्ड होतं. मोठं, वाकडं अक्षर. ‘श्री’ नव्हता. चारी कोपरे जागेवर होते. भागोजीने ते आधी मोजले, मग वाचलं.

‘आईचं कार्ड पोचलं. सासूबाईंनी कोपरा बघून हंबरडा फोडला, त्यांना वाटलं तुम्ही गेलात. मला पण वाटलं. मग मजकूर वाचला. तुमचं पाकीट अजून उघडलं नाही, उघडीन की नाही सांगता येत नाही. शनिवारी रात्री निघते, पोरीला घेऊन. रविवारी सकाळच्या गाडीने पोचेन. आईने बोलावलं आहे म्हणून येते. तुमच्याकडे येत नाही. तुम्ही फाट्यावर येऊ नका.’

रविवारी डाक नसते. तरी भागोजी पहाटे उठून अंघोळ करून ओटीवर येऊन बसला. पेज कढत ठेवली होती. चिमाच्या खोलीत खिडकीशी चटई टाकलेली होती. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. नऊला पाच कमी असताना चढाखाली गाडीचा आवाज आला. डायव्हरने गिअर बदलला. गाडी कण्हली, वर येऊ लागली.

भागोजी उठून आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. फाट्यावर जायचं नव्हतं. आवाज जवळ आला, फाट्यापाशी आला. ब्रेक लागल्याचा आवाज झाला. कंडक्टरने दार आपटलं. एक लहान पोर रडायला लागलं.

“थांबली,” भागोजी रिकाम्या चटईकडे बघून म्हणाला.

मग तो परत ओटीवर गेला आणि ती पायरी चढेल तेव्हा तिला आत जायची वाट मोकळी असावी म्हणून, टेबल एका बाजूला सरकवून, भिंतीला लागून उभा राहिला.